संकष्टीचा समुद्र

हार्लेम, १० जुलै २००६

प्रिय अंबरीश,

पाकिटावर आईचं अक्षर आणि तिकीट मात्र डच, म्हणून दचकला असशील. हो, आम्ही प्रांजलीकडे आलोय. तुझ्या गावाहून आगगाडीने फार लांब नाही. येऊन पंधरवडा होऊन गेला. तुझ्या बहिणीने तुला कळवलं नाही, कारण मीच तिला कळवू दिलं नाही. आधी बाबांचा अंदाज घ्यायचा होता. पंचेचाळीस वर्षं संसार करूनही या माणसाचा अंदाज लागत नाही ती गोष्ट वेगळी.

घर छान आहे. जिना मात्र शिडीसारखा उभा. जावई ऋषभराव सकाळी स्लोटरडाइकच्या ऑफिसात जातात, प्रांजली संहिताला सायकलवर बसवून शाळेत सोडते, आणि दिवसभर आम्ही दोघं खिडकीपाशी. संहिता पाच वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये देते. काल आजोबांना चित्र दाखवत होती, तर एकदम रुसली आणि "ओपा कैक्त नीत!" म्हणून पाय आपटत गेली. म्हणजे आजोबा बघतच नाहीत. तिलाही कळलं बघ आजोबा कसे आहेत ते.

तुझ्या बोटीचं पत्रक प्रांजलीने फ्रिजवर लावलंय. त्यात तुझा फोटो आहे, लोकरी टोपी घातलेला, हातात दुर्बीण. बाबा रोज चहासाठी त्याच फ्रिजमधून दूध काढतात. त्या फोटोवरून त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही. मी मुद्दाम पत्रक थोडं सरकवून दाराच्या मुठीजवळ लावलं. तरी नाही. हट्ट म्हणजे किती!

आता मुद्द्याचं. आइंडहोव्हनची नोकरी सोडून तू बोटीवर गेलास, त्याला चार वर्षं झाली. "पाखरं बघायला तुला इंजिनिअर केला नाही, परत फोन करू नकोस," असं बाबा बोलले आणि तू ते तंतोतंत पाळलंस. एरवी त्यांचा एक शब्द ऐकला नाहीस, हा बरा ऐकलास! मला एकच हवंय. सप्टेंबरात आम्ही परत जाणार. त्याआधी तुम्ही दोघांनी एकदा समोरासमोर यावं. गळ्यात गळे घालू नका. "कसा आहेस", "बरा आहे" एवढं झालं तरी मी समाधानाने विमानात बसेन. बाबा पुन्हा इतक्या लांब येतील असं मला वाटत नाही.

तब्येत उत्तम आहे त्यांची. चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय, पण नवा करून घेत नाहीत. कारखान्याच्या टूलरूममध्ये केसाएवढा फरक नुसत्या नजरेने पकडायचे ना, त्यांना चष्मेवाला काय शिकवणार! संगणकावर मराठी पेपर येतो तो मीच वाचून दाखवते. ते डोळे मिटून ऐकतात, साहेबासारखे.

उत्तर लिही. फोन करू नकोस, ते शेजारीच असतात.

तुझी आई


हार्लेम, २८ जुलै २००६

प्रिय अंबरीश,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी लिहिल्यास, त्यातल्या दोन बोट लागण्यावर! "या. बाकीच्या प्रवाशांसारखे या. मी माझं काम करत असेन." बरं बाबा. प्रवाशांसारखे येतो. हात जोडून दारात उभा राहा असं कोण म्हणतंय?

बाबांना मी एवढंच सांगितलं, की डेन हेल्डरहून एक बोट उत्तर समुद्रात जाते, समुद्रपक्षी दिसतात आणि नशीब असेल तर देवमासा. बोटीवर कोण असतं ते बोलले नाही. ते लगेच म्हणाले, "जाऊ." एवढ्या लवकर तर ते भाजी आणायलासुद्धा हो म्हणत नाहीत. मला वाटतं त्यांना ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, हेही त्यांना ठाऊक असणार. आपलं घरच असं.

दिवस मी धरला आहे, शनिवार बारा ऑगस्ट. का धरला ते सांगते. त्या दिवशी संकष्टी आहे. बाबा संकष्टीला कुणाशी वाकडं बोलत नाहीत. कामगारांनासुद्धा त्यांचा हा नेम माहीत होता, आणि तुला तर चांगलाच. प्रगतिपुस्तक सहीला तू नेहमी संकष्टीलाच पुढे करायचास. मोरया गोसावीच्या देवळातून ते आले, की चपला काढायच्या आत तू पेन घेऊन उभा. गणितात नापास झालास तेव्हाही "पुढच्या वेळी बघ" एवढंच म्हणाले होते. तोच दिवस मी तुझ्यासाठी पुन्हा निवडला आहे. कशी आहे आई?

तू लिहिलंयस, रिकाम्या पोटी बोटीवर चढू नका, सकाळी काहीतरी कोरडं खाऊन या. ते तेवढं जमायचं नाही. चंद्रोदयापर्यंत बाबा चहाशिवाय काही घेत नाहीत, साबुदाण्याचा दाणासुद्धा नाही. पण तू काळजी करू नकोस. सवय आहे त्यांना. उपासाने माणूस हलका राहतो.

मी शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवला. उत्तर समुद्र फळ्यावर निळ्या खडूने किती वेळा काढला असेल. त्यात आपला मुलगा असेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

शनिवारी भेटू.

आई


हार्लेम, १३ ऑगस्ट २००६

अंबरीश,

काल बोटीवरून उतरताना तू माझ्याकडे बघितलंस आणि मान फिरवलीस. त्या मान फिरवण्यात मलाही धरलंस का? धरू नकोस. मी तुझ्याइतकीच चिडलेली आहे. रात्रभर चिडलेली आहे. तू वर होतास, खाली काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून सगळं लिहिते.

सकाळी निघाले तेव्हा बाबा खुशीत होते. नवा शर्ट घातला. स्लोटरडाइकला गाडी बदलायची होती, तर चारचौघांत त्यांनी माझा दंड धरला. लग्नाच्या वरातीत धरला नव्हता! मी म्हटलं, "अहो, परदेशात आल्यावर रंगात आलात." तर म्हणाले, "गर्दी आहे." गर्दी कसली, शनिवारची सकाळ. डेन हेल्डरच्या धक्क्यापर्यंत त्यांनी हात सोडला नाही आणि मीही वेडी, मनातून सुखावले.

मग बोटीत चढायची फळी आली. तू फळीच्या टोकाशी उभा राहून एकेकाला हात देऊन बोटीत घेत होतास. मी पाठीमागे उभी. तू काही बोलला नाहीस, नुसता हात पुढे केलास. त्यांनी तो धरला, पाऊल टाकलं आणि "थँक यू" म्हणून पुढे गेले. थँक यू! पोटच्या मुलाला! तुझा चेहरा मी पाहिला. तेव्हाच मला परत फिरावंसं वाटलं होतं.

बंदराचा बांध मागे पडला आणि लाटा आल्या तसे बाबांचे हाल सुरू झाले. पोटात चहाशिवाय काही नाही. त्यांना खालच्या केबिनमध्ये बाकावर आडवं केलं. तिथे डिझेलचा वास आणि त्यात कुणीतरी वाटाण्याचं सूप गरम करत होतं. एका डच आजीने आल्याचा केक पुढे केला, "खा, बरं वाटेल," असं खुणेने सांगितलं. बाबांनी हात जोडले. मी म्हटलं, "अहो, देव समजून घेईल, एक तुकडा घ्या." नाही म्हणजे नाही. तू सांगितलं होतंस आणि मी शहाणपणा केला. संकष्टी माझ्याच अंगाशी आली.

केबिनमध्ये तुझा आवाज येत होता, त्या छोट्या भोंग्यातून. आधी डचमध्ये, मग इंग्रजीत. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन, शेपटी म्हणजे सहा, असं तू सगळ्यांना समजावलंस. मग "तीन वाजता, यान-फान-खेंट!" की वर सगळे पाय उजवीकडे धावायचे. मी मधूनमधून वर येत होते. ते पांढरे यान-फान-खेंट पक्षी मी पाहिले रे. पिवळसर डोकं, पंखांची टोकं काळी, एवढ्या उंचीवरून पंख मिटून थेट पाण्यात पडतात, आणि पाणी उडतं ते नंतर. तू एकदा मध्येच मराठीत म्हणालास, "आई, डावीकडे बघ, नऊ वाजता." अख्ख्या बोटीत ते फक्त मला कळलं. नाही, आणखी एकाला कळलं असणार.

आणि दुपारी तो आला. तुझा आवाजच बदलला. मी कठड्याला धरून उभी होते. पाण्यातून एक काळी पाठ वर आली, वळत राहिली, वळतच राहिली, संपेना. मग लहानसा पर, आणि नुसतं पाणी. लोक ओरडत होते. तू मात्र माइक दुसऱ्याच्या हातात दिलास आणि जिन्याकडे गेलास. मी तुझ्या मागोमाग आले. जिन्याच्या वरच्याच पायरीवर थांबले, कारण वाटलं, आता आपलं तिथे काम नाही.

तू वाकून म्हणालास, "बाबा, देवमासा आलाय. चला ना वर. मी धरतो तुम्हाला."

चार वर्षांनी. आणि त्यांनी शाल ओढून तोंड भिंतीकडे केलं.

तू थांबलास. मी बघत होते किती थांबलास ते. मग माझ्या शेजारून वर निघून गेलास. त्यानंतर भोंग्यातून फक्त डच ऐकू आलं.

येताना गाडीत मी त्यांना वाटेल ते बोलले. म्हटलं, "पोरगं हात जोडून खाली आलं आणि तुम्ही पाठ दाखवलीत. दगड आहात तुम्ही." त्यांनी नुसती शाल सावरली. संकष्टी होती ना, वाकडं बोलायचं नाही! रात्री चंद्र झाला, जेवले, झोपले. आणखी काय लिहू?

मी तुझ्या बाजूची आहे, एवढं समज. अजून आम्ही इथे आहोत. तू हार्लेमला ये. घरात येऊ नकोस हवं तर, स्टेशनवर ये. मी त्यांना घेऊन येते, ओढत आणते.

आई


हार्लेम, ५ सप्टेंबर २००६

अंबरीश,

तुझं कार्ड आलं. पुढच्या बाजूला तोच पांढरा पक्षी, मागे तुझं बारीक अक्षर. "आई, पुरे. मी एकदा खाली आलो, पुन्हा येणार नाही. या महिन्यात नॉर्वेला जातोय, पार उत्तरेला, तिथल्या बोटींवर. पत्ता ठेवत नाही. तू स्वतःला जप."

स्वतःला जप म्हणे. मला काय धाड भरली आहे?

गुरुवारी आमचं विमान आहे. मी बॅगा भरते आहे. प्रांजली चीज देते आहे, बाबा नको म्हणताहेत, संहिता बॅगेत बसून घेते आहे. ती आता आजोबांना चित्र दाखवत नाही. हाताला धरून नेते आणि त्यांच्या बोटाने कागदावरची रेघ गिरवते. मुलांना कुणी काही सांगावं लागत नाही.

तुला एक गोष्ट लिहायला घेतली होती. पान फाडलं. मला शपथ आहे.

हे पत्र तुला निघायच्या आत मिळो. नॉर्वेत थंडी फार असते. उत्तरेला हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, हे मी सातवीला शिकवायचे. मुलं विचारायची, "मग माणसं काय करतात बाई?" मी सांगायचे, दिवे लावतात.

आई


चिंचवड, २१ जानेवारी २००७

प्रिय अंबरीश,

हे पत्र मी प्रांजलीच्या पाकिटात घालून पाठवते आहे. तिच्याकडेही तुझा पत्ता नाही. ती ते डेन हेल्डरला बोटीच्या ऑफिसात नेऊन देईल. तू उन्हाळ्यात परत आलास तर ते देतील. नाही आलास तर तिथल्या खणात पडून राहील. माझी फारशी आशा नाही. तरी लिहिते, कारण शपथ मोडायचीच असेल तर ती कुणापाशी तरी मोडावी लागते.

बाबा बाहेर गॅलरीत बसलेत. पेनाचा आवाज त्यांना ऐकू जातो. मघाशी विचारलं, "काय लिहितेस?" म्हटलं, वाण्याची यादी. म्हणाले, "बरीच मोठी आहे."

त्या शनिवारबद्दलच्या पत्रात मी लिहिलं होतं, चंद्र झाला आणि ते जेवले. चंद्र झालाच नव्हता. हार्लेमवर नुसते ढग होते. बाबा माझा हात धरून प्रांजलीच्या मागच्या दारी आले, अंधारात थोडा वेळ मान फिरवत राहिले आणि मग एका जागी थांबून हात जोडले. डोळे भरून आले होते त्यांचे. समोर रस्त्यावरचा दिवा होता. मला आधी हसू आलं. मी म्हटलं, "अहो, तो दिवा आहे, चंद्र कुठाय?" त्यांनी हात तसेच ठेवले. म्हणाले, "सुचेता, हसू नकोस. मला दोन्ही सारखेच दिसतात."

मग सगळं कळलं. पत्रकावरचा फोटो, संहिताचं चित्र, स्लोटरडाइकला धरलेला दंड. काचबिंदू होता. निघायच्या आधीच इथल्या डॉक्टरांनी त्यांना एकट्याला सांगितलं होतं, की नस वाळत चालली आहे, गेलेली नजर परत येत नाही. बाबांनी मला सांगितलं, चष्म्याचा नंबर. नजर असताना एकदा तुला बघायचं, म्हणून ते आले होते. म्हणूनच "जाऊ" म्हणाले होते एवढ्या पटकन. पण नजर किती दिवस टिकेल या डॉक्टरांच्या हिशेबावर या माणसाने विश्वास ठेवला. नजर त्याआधीच गेली.

दारातच त्यांनी मला विचारलं, "आपल्याला बोटीत हात कुणी दिला?" मी सांगितलं. ते खाली पायरीवर बसले. म्हणाले, "तो होता? एवढा खरखरीत हात? मला वाटलं कुणी खलाशी आहे." किती वेळ ते आपलाच तळवा दुसऱ्या हाताने चोळत होते.

तू खाली आलास तेव्हा तुझा आवाज त्यांनी ओळखला, तो कसा नाही ओळखणार, सकाळपासून तोच तर ऐकत होते. पण वर कसे जाणार? म्हणाले, "सगळी बोट एका बाजूला बघणार आणि मी भलतीकडे. पाखरं बघणं हे काय काम आहे, असं मीच त्याला बोललो होतो. आता तो दाखवायला आला आणि मला दिसत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? तोंड उघडलं असतं तर रडलो असतो त्याच्या लोकांसमोर." म्हणून भिंत. मग त्यांनी मला जेवणाच्या ताटावर हात ठेवायला लावला, की हे तुला कधी कळता कामा नये. तुला कळलं तर तू दयेने येशील, आणि दया त्यांना नको. मी हात ठेवला. नाहीतर ते जेवले नसते, आणि दिवसभर पोटात काही नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या पत्रात, सगळं ठाऊक असूनही, तुला नुसता राग लिहिला.

त्यांना भिंतीकडे वळताना बघून मी दगड म्हणाले होते. ते शब्द आता परत घेता येत नाहीत. त्यांनी ते कधी काढले नाहीत, पण मला ऐकू येतात.

आता अंधारच आहे. दिवाळीत दिव्याचा उजेड तरी कळत होता, आता तोही नाही. डॉक्टर औषध बदलतात, ते आपलं आमच्या समाधानासाठी. देवळात मी नेते. गेल्या संकष्टीला चंद्र झाला की नाही ते मी सांगितलं आणि ते "बरं" म्हणाले. दुपारी गॅलरीत बसले की कधी कधी पुटपुटतात, "तीन वाजता, यान-फान-खेंट." समोर पाण्याची टाकी आहे आणि कबुतरं. त्यांना तुझे सगळे पक्षी पाठ आहेत, डच नावांसकट, एकही न बघता. एकदा मला विचारलं, "देवमासा खरंच आला होता की मला वर न्यायला थाप मारली त्याने?" मी म्हटलं, खरंच आला होता, मी पाहिला. मग तो कसा होता ते सांगायला लावलं. पाठ वळत राहिली, संपेना, हे त्यांना आवडलं. ते रोज विचारतात. मी रोज सांगते.

तू ये म्हणून मी लिहीत नाही. आलास तर तुला कळलं हे त्यांना कळेल, आणि माझी शपथ मोडल्याचंही. नाही आलास तर असंच चालेल. कुठूनही मोजलं तरी उत्तर एकच येतं. तू त्यांना पाठ दाखवणारा बाप म्हणून आयुष्यभर आठवू नयेस, एवढ्यासाठी लिहिलं. तेही कदाचित स्वतःसाठीच लिहिलं असेल.

एक राहिलं. त्या दिवशी तोंड फिरवायच्या आधी त्यांनी तुझ्याकडे बघितलं होतं. तू ते पाहिलंस की नाही कोण जाणे. डोळ्यांत कोपऱ्याएवढी नजर तेव्हा शिल्लक होती, तेवढी त्यांनी तुझ्यावर लावली. पण तू जिन्यातून आला होतास, उजेड सगळा तुझ्या पाठीमागे. त्यांना एक काळी आकृती वाकलेली दिसली, बाकी काही नाही. परवा अचानक म्हणाले, "टोपी नव्हती ना त्याच्या डोक्यावर? मग सांग, केस पिकलेत का गं त्याचे?"

मी म्हटलं, "छे, काळेभोर आहेत. तुमच्यासारखे दाट."

त्यांना किती बरं वाटलं. पार पिकलेत रे तुझे केस, अंबरीश.